सीट चार, दुखणं एकच

बाजाराच्या कापडी पिशवीतून त्यांनी तीन सीटा काढून काउंटरवर ओळीने मांडल्या. चौथी सायकलवर होती. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे वेळेच्या मर्यादेतली लांब पल्ल्याची सायकल राइड, वेळेत पुरी केलेली आणि डिसेंबरातल्या ३०० साठी नाव नोंदवून बसलेले. तक्रार अशी: साठ-सत्तर किलोमीटर झाले की बूड उजवीकडे ठणकायला लागतं, पुढे नाजूक भाग बधिर होतो आणि दुसऱ्या दिवशी उजव्याच बाजूला केसतोड उठतं. यावर आजवर झालेला इलाज एकच, नवी सीट.

३०० च्या बीआरएमला वीस तास मिळतात. चहा, जेवण, कंट्रोलवरचे, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणांवरचे, शिक्के वजा केले तरी पुष्कळ तास बुडावर निघतात. रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन भजी खाऊन परत येणाऱ्याला कुठलीही सीट चालते. शंभराच्या पुढे मात्र प्रत्येक मिलिमीटर हिशेब मागतो.

चारही सीटा मी उलट्या करून पाहिल्या. पहिली सायकलसोबत आलेली, १४३ मिलिमीटर रुंद, मधे खाच असलेली. दुसरी १५५ ची, जेलची, वर आणखी जेलचं कव्हर. तिसरी रेसवाल्यांची, १३०, पापडासारखी. चौथी, सायकलवर चढवलेली, ब्रुक्स कंपनीची बी-१७, कातडी, सुमारे १७ सेंटीमीटर रुंद. हे मॉडेल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून बनतंय आणि लांब पल्ल्याच्या मंडळींचं त्यावर प्रेम आहे. कातडी सीटचा मेकॅनिकला एक फायदा असतो. ती बसणाऱ्याची खूण धरून ठेवते. या सीटवर उजवा खळगा डाव्यापेक्षा स्पष्ट खोल होता. थोडाफार फरक बऱ्याच जणांचा असतो, म्हणून कागदावर लिहून ठेवला आणि पुढे गेलो.

आधी बसायची हाडं मोजली. ही मोजणी फुकट असते, पण दुकानात कोणी करत नाही, कारण मोजलं की कपाटातल्या अर्ध्या सीटा आपोआप बाद होतात. टीव्हीच्या खोक्याचा पन्हळी पुठ्ठा घ्यायचा, कडक स्टुलावर ठेवायचा, पातळ पँटवर त्यावर बसायचं. पायांखाली दोन विटा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात. सायकलवर वाकतो तितकं पुढे वाकायचं, हँडल हातांनी वर ओढल्यासारखा जोर लावायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि डुलू न देता सरळ उठायचं. पुठ्ठ्यावर दोन खड्डे दिसतात. नाही दिसले तर खडू आडवा घासायचा. दोन्हींच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. काका लाजत होते, म्हणून शटर अर्धं ओढलं. अंतर आलं ११८ मिलिमीटर.

यात वीस ते तीस मिलिमीटर मिळवायचे. फार वाकून चालवणाऱ्याला कमी, ताठ बसणाऱ्याला जास्त. म्हणजे यांना १४० ते १४५ ची सीट हवी. सायकलसोबत फुकट आलेली आणि सगळ्यात आधी काढून टाकलेली सीट १४३ ची होती.

पाठीवरचा छापील आकडा अंतिम धरू नये. काही सीटा मागून कमानीसारख्या गोल असतात. त्यांची रुंदी १५५ लिहिलेली असते, पण हाडं टेकण्याजोगा सपाट भाग त्याहून बराच कमी असतो. सीटवर आडवी पट्टी ठेवली की कडा किती खाली उतरतात ते लगेच कळतं. जेलची गंमत वेगळी. बोटाने दाबून "वा, मऊ आहे" म्हणत लोक ती घेतात. वजन पडलं की हाडं खाली रुततात, मधला भाग वर उठतो आणि भार नेमका नसा-रक्तवाहिन्यांवर येतो. अर्ध्या तासाला सुख, तीन तासांनी मुंग्या. काकांचा बधिरपणा जेलच्या सीटवर सगळ्यात जास्त होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. तरी वर कव्हर चढवलं होतं.

आता जी गोष्ट सांगतो ती मला सीट विकणाऱ्या प्रत्येकाच्या भिंतीवर लिहायची आहे. सीट बदलली की उंची बदलते. रेलपासून, म्हणजे सीटखालच्या दांड्यांपासून, बसायच्या पृष्ठभागापर्यंतची जाडी प्रत्येक सीटची वेगळी. रेसच्या चपट्या सीटपेक्षा कातडी बी-१७ दीड-दोन सेंटीमीटर उंच असू शकते. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा खांब, न हलवता सीट बदलली तर माणूस तेवढा वर जातो. शिवाय बी-१७ चे रेल आखूड असल्याने ती फार मागे सरकत नाही. म्हणजे काकांनी चार सीटांची तुलना केलीच नव्हती. चार वेगळ्या उंचीच्या, चार वेगळ्या बैठकींच्या सायकली चालवल्या होत्या आणि प्रत्येक वेळी दोष सीटला दिला होता.

उंची मोजायची ती बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलं ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या, मध्यापासून, सीटखालच्या नळीच्या रेषेत वर, सीट जिथे ८० मिलिमीटर रुंद होते त्या जागेपर्यंत. टोकापर्यंत किंवा मागच्या कडेपर्यंत मोजलं तर दोन सीटांचे आकडे जुळत नाहीत. कॅलिपर ८० वर लावून सीटवर पुढून मागे सरकवायचा, अडकला तिथे पेनाने खूण. यांची आली ७४ सेंटीमीटर. मग भिंतीला पाठ लावून, अनवाणी, मांड्यांमध्ये जाड पुस्तक वर दाबून जांघेची उंची घेतली, ८१. तिला ०.८८३ ने गुणलं की ७१.५. हे सूत्र सायकलपटू ग्रेग लमाँडच्या नावाने प्रसिद्ध आहे. सुरुवातीला बरं, डोळे मिटून पाळण्याजोगं नाही. तरी अडीच सेंटीमीटरचा फरक डोळे मिटूनही कळण्यासारखा होता.

सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बांधून मागून पाहिलं. कंबर डावी-उजवी झुलत होती. सीट उंच असली की पाय खाली पोचवायला कंबर प्रत्येक फेरीला कलते. मिनिटाला ऐंशी फेऱ्या, तासाला ४,८००. तेवढ्या वेळा बुडाची कातडी घासणार, घामाने भिजणार, केसाच्या मुळाशी सूज येणार. त्याला मलम लावून काय होणार?

सीटचं टोकही वर होतं, तीन अंशांहून जास्त. फोनमधली लेव्हल थेट सीटवर ठेवू नये, खळग्यामुळे फसवते. आधी सपाट फळी ठेवायची, त्यावर फोन, आणि जमीन लेव्हलमध्ये आहे ना तेही बघायचं. खाचेची सीट शून्यावर लावून सुरुवात करायची, गरज पडली तर टोक एक-दोन अंश खाली. फार खाली केलं की माणूस पुढे घसरत राहतो, सगळा भार हातांवर येतो आणि मग लोक मऊ ग्रिप घ्यायला येतात.

त्या दिवशी १४३ ची जुनी सीट परत चढवली, टोक शून्यावर आणलं आणि उंची फक्त पाच मिलिमीटर उतरवली. दोन सेंटीमीटर एकदम उतरवले तर गुडघ्याला आणि मांडीला ते मानवत नाही. दर दोन-तीन राइडनंतर पाच मिलिमीटर, ७२ येईपर्यंत. बाकी काहीही बदलायचं नाही, असं बजावून पाठवलं. ब्रुक्स जपून ठेवा म्हटलं, पण पावसाळ्यात कपाटात कोंडू नका, आपल्याकडच्या हवेत कातड्यावर आठवड्यात पांढरी बुरशी चढते.

तीन आठवड्यांनी आले. बधिरपणा गेला होता. कात्रज, खंबाटकी करून साताऱ्यापर्यंत जाऊन आले होते, हातही ठीक. पण उजवं केसतोड जागेवर!

सीट आता मापाची होती, उंची ठीक होती, तरी एकच बाजू. अशा वेळी नेहमीचे संशयित ठरलेले असतात. सीटचं टोक वरच्या नळीच्या रेषेत आहे का, हे दोरी ताणून पाहिलं. रेल वाकलाय का, हे सीट काचेवर उलटी ठेवून. शूजचे क्लीट, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारे तुकडे, दोन्हीकडे सारखे आहेत का. पाय लहान-मोठा आहे का, हे उताणं झोपवून घोटे जुळवून. सगळं सरळ निघालं. पायांचं माप फिजिओथेरपिस्टने घ्यावं हे खरं, माझी तपासणी ढोबळ असते, पण उघड फरक नव्हता.

मग गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोनमापक, लावला. पेडल तळाशी असताना गुडघ्याचा कोन, पाय ताठ म्हणजे शून्य धरून, २५ ते ३५ अंशांत हवा. डावा ३३, उजवा ३१. पहिल्या दिवशीच्या कागदावर पाहिलं तर डावा २२, उजवा १८. दोन्ही वेळा उजवा पाय जास्त ताणलेला आणि सीट उंच असताना फरक जास्त. पाय सारखे, क्लीट सारखे, सीट सरळ. मग उरतो क्रँक, म्हणजे पेडल धरणारा दांडा.

क्रँकची लांबी त्याच्या आतल्या बाजूला, पेडलच्या आट्यांजवळ कोरलेली असते. तिथे ग्रीस आणि धुळीचा थर इतका बसतो की कोणी बघतच नाही. रॉकेलचा बोळा फिरवला. उजवीकडे १७५. डावीकडे १७०.

चौकशी केली तेव्हा उलगडलं. दीड वर्षापूर्वी डावं पेडल चालता चालता निखळलं होतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. कोणीतरी ते नेहमीच्या दिशेने पिळून बसवलं आणि क्रँकमधले आटे खाल्ले. दुसऱ्या एका दुकानात नुसता डावा क्रँक बदलून मिळाला, "सेम कंपनीचा". कंपनी खरंच तीच होती. जे पडून होतं ते लावलं आणि लांबी सांगायची तसदी कोणी घेतली नाही. गिऱ्हाइकानेही "स्वस्तात बसवा" एवढंच सांगितलं असणार, हेही मला माहीत आहे.

पाच मिलिमीटर म्हणजे किती? उजवा पाय तळाशी पाच मिलिमीटर लांब पोचायला हवा आणि माथ्यावर पाच मिलिमीटर जास्त दुमडायला हवा. सीट उंच असेल तर पायाकडे शिल्लकच नसते, मग ती लांबी कंबर देते, उजवीकडे कलून. उजवं हाड जास्त टेकतं, उजवीकडचं कातडं जास्त घासतं. ब्रुक्सवरचा खोल खळगा उजवीकडेच होता.

१७५ चा डावा क्रँक एका ओळखीच्याकडे जुन्या मालात मिळाला. टोकाच्या प्लॅस्टिक टोपीने आधी बेअरिंगचा खेळ काढायचा, ती फक्त हाताच्या जोरावर, पाना लावायचाच नाही. मग दोन बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे, शेवटी टॉर्क रेंचने १२ ते १४ न्यूटन मीटर. एक पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घालणारे पुष्कळ पाहिलेत. काही महिन्यांनी तो क्रँक कटकट वाजायला लागतो. लावल्यावर डावा गुडघा ३१ वर आला, उजवा ३१ च राहिला. सीटला हातही लावला नाही.

डिसेंबरात काका ३०० वेळेत करून आले. पेढे घेऊन आले, केसतोड नाही म्हणाले. आणि जाता जाता म्हणाले, "त्या नव्या शॉर्ट्सचा पण फार उपयोग झाला हं."

कुठल्या शॉर्ट्स? राइडच्या आदल्या आठवड्यात त्यांनी चांगल्या पॅडच्या नव्या बिब शॉर्ट्स घेतल्या होत्या. शिवाय इतके दिवस जुन्या शॉर्ट्सच्या आत सुती अंडरवेअर घालत होते. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला होता, तेव्हा "छे छे" म्हणाले होते. पॅडच्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नसतं. अंडरवेअरची शिवण बरोबर मांडीच्या घडीत येते, घाम धरून ठेवते आणि तासनतास एकाच जागी कापत राहते. शिवणीचा जाड जोड एका बाजूला असेल तर केसतोडही एकाच बाजूला उठू शकतं.

म्हणजे आता क्रँक की शिवण, ते मला सांगता येत नाही. कोन मोजलेले आहेत, खळगा डोळ्यांनी पाहिलेला आहे, तरी सिद्ध काही होत नाही. क्रँक तसाच ठेवून जुन्या कपड्यांत शंभर किलोमीटर करून या, असं मी त्यांना सुचवलं. "बरं चाललंय ना, कशाला खोड काढायची?" म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं. दुखणं बरं करायला येतात लोक, माझा प्रयोग पुरा करायला नाही.

तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक सायकलच्या क्रँकवर रॉकेलचा बोळा फिरतो. मागच्या महिन्यात एका कॉलेजच्या पोराची सायकल सर्व्हिसिंगला आली, तीही १७० आणि १७५. सेकंडहँड घेतलेली, तीन वर्षं चालवतोय, दोनशेच्या राइड करतो. बूड, गुडघा, कंबर, काही दुखतं का विचारलं तर माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. त्याची सीट मोजली. सूत्राच्या आकड्यापेक्षा पंधरा मिलिमीटर खाली होती. कंबर जराही हलत नव्हती. क्रँक बदलायचा का, असं त्याने विचारलं. मी नको म्हटलं, पण सीट वर घ्यावीशी वाटली तर आधी इकडे ये, असंही सांगितलं.