1996 ची तक्रार

अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे आरोप झालेला अमेरिकन धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्या प्रकरणाच्या बातम्या वाचताना आज एका नोंदीपाशी थांबले आणि पुढे जाववेना. एका महिलेने 1996 मध्येच एफबीआयकडे त्याच्याविरुद्ध तक्रार केली होती; त्या तक्रारीची नोंद अमेरिकेच्या न्याय विभागाने लोकांसमोर ठेवली ती डिसेंबर 2025 मध्ये.

आपण तक्रार केली होती, हे ती वर्षानुवर्षे सांगत राहिली, आणि तिच्या शब्दाला आधार देणारा कागद मात्र सरकारी दप्तरात पडून होता.

तोही सहजासहजी बाहेर आला नाही. अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाने या प्रकरणाची कागदपत्रे खुली करण्याचे विधेयक 427 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केले, 19 नोव्हेंबर 2025 ला राष्ट्राध्यक्षांची सही झाली, 30 दिवसांची मुदत ठरली, आणि कोणाची नाचक्की होईल किंवा राजकीय अडचण होईल म्हणून काहीही दडवता येणार नाही, असे कायद्यातच लिहिले गेले. तरीही मुदतीच्या दिवशी काही भागच आला, आणि त्यात ग्रँड ज्युरीसंबंधीच्या (आरोप ठेवायचे की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासंबंधीच्या) एका दस्तऐवजाची सर्व 119 पाने काळी केलेली होती.

पीडितांची ओळख झाकलीच पाहिजे आणि त्याला वेळ लागतो, हे मला मनापासून मान्य आहे. परंतु 30 जानेवारी 2026 रोजी 30 लाखांहून अधिक पाने खुली झाली, तेव्हा काही पीडितांचीच नावे उघडी पडली आणि हजारो कागदपत्रे मागे घ्यावी लागली.

मग या विलंबाने नेमके कोणाचे रक्षण झाले?