सेक्रेटॅरियट: ३१ लेंग्थ विसरा, घड्याळ बघा

रेसच्या घोड्याचं मोठेपण ठरवताना आधी जिंकलेल्या शर्यती मोजल्या जातात. त्या हिशोबाने हंगेरीची घोडी किंचेम सगळ्यांच्या वर बसते: ५४ शर्यती, ५४ विजय. इंग्लंडचा फ्रँकेल १४ पैकी १४. अमेरिकेचा सेक्रेटॅरियट २१ वेळा पळाला, १६ जिंकला, पाच हरला. तरीही मातीच्या धावपट्टीवर त्याच्यापेक्षा मोठा घोडा झालेला नाही असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण विजयांच्या आकड्यात नाही, पाव-पाव मैलाच्या वेळांत आहे.

त्या वेळा वाचायच्या कशा? एक फर्लांग म्हणजे २०१ मीटर. अमेरिकेत साधारण दर दोन फर्लांगांना, म्हणजे ४०२ मीटरला, वेळ घेतात, पण ती त्या क्षणी पुढे असलेल्या घोड्याची. नवखा माणूस इथे फसतो. मागच्या घोड्याची वेळ काढायची तर तो किती लेंग्थ मागे होता ते बघून त्यात भर घालावी लागते. लेंग्थ म्हणजे घोड्याची लांबी, सुमारे २.४ मीटर, आणि जुने जाणकार तिला सेकंदाचा पाचवा भाग धरतात. ताशी साठ किलोमीटरने पळणाऱ्या घोड्याला तेवढ्या अंतराला ०.१५ सेकंदही लागत नाहीत, त्यामुळे लांबच्या फरकाला हा नियम लावला की चूक वाढत जाते. दोन-तीन लेंग्थपर्यंत तो चालतो.

आता ५ मे १९७३ ची केंटकी डर्बी घ्या. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या अमेरिकेतल्या तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन सर्वांत मोठ्या शर्यती. अंतर सव्वा मैल, म्हणजे २०१२ मीटर. सेक्रेटॅरियट सुटला तो सगळ्यांच्या मागे. त्याच्या पाच पाव मैलांच्या वेळा अशा: २५.२, २४.०, २३.८, २३.४ आणि २३.० सेकंद. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वेगवान. शेवटी एखादा घोडा सुसाट येताना दिसतो तेव्हा बहुतेक वेळा तो वेग वाढवत नसतो. पुढचे थकून मंदावलेले असतात आणि तो कमी मंदावलेला असतो. सेक्रेटॅरियट खरोखरच वाढवत होता. एकूण १ मिनिट ५९.४ सेकंद. तोवरचा विक्रम नॉर्दर्न डान्सरचा होता, १९६४ मधला, बरोबर दोन मिनिटांचा. दुसरा आलेला शॅम अडीच लेंग्थ मागे होता, म्हणजे तोही दोन मिनिटांच्या आत आला. इतर जवळजवळ कुठल्याही वर्षी शॅमने डर्बी जिंकली असती.

प्रीकनेसमध्ये दोन आठवड्यांनी तोच क्रम आणि तेच अडीच लेंग्थ. जॉकी रॉन टरकॉटने पहिल्याच वळणावर त्याला शेवटच्या जागेवरून पहिल्या जागी आणलं. वळणावर बाहेरून पळणाऱ्या घोड्याला जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे तिथे वेग लावणं सहसा टाळतात. त्या दिवशी मैदानावरचं विजेचं घड्याळ बिघडलं आणि वेळेचा वाद लागला तो २०१२ पर्यंत. तेव्हा मेरीलँडच्या रेसिंग कमिशनने चित्रफिती पुन्हा मोजून १ मिनिट ५३ सेकंद ही वेळ मान्य केली. डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यतींचे विक्रम त्याच्या नावावर आले ते असे.

९ जून १९७३ ची बेलमाँट मात्र डर्बीच्या अगदी उलट पळलेली शर्यत आहे. दीड मैल, २४१४ मीटर, फक्त पाच घोडे. सहा पाव मैल: २३.६, २२.६, २३.६, २४.४, २४.८, २५.०. पहिले सहा फर्लांग १ मिनिट ९.८ सेकंदांत. एवढ्या लांब शर्यतीत हा वेग म्हणजे घोड्याचा घात. स्नायूंना लागणारा प्राणवायू रक्त पुरवू शकत नाही, घोडा उसन्या ताकदीवर पळतो आणि ती ताकद मैलाच्या आसपास संपते. सोबत पळणाऱ्या शॅमचं नेमकं हेच झालं. सहा फर्लांगांपर्यंत तो बरोबरीला होता, मग कोसळत गेला आणि शेवटचा आला. तो पुन्हा कधी पळला नाही.

सेक्रेटॅरियटही मंदावला, पण एका पाव मैलाला सेकंदभरापेक्षाही कमी. सव्वा मैलाच्या खुणेवर घड्याळात १ मिनिट ५९ होते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या डर्बी विक्रमापेक्षाही कमी, आणि पुढे अजून दोन फर्लांग बाकी. शेवट २ मिनिटं २४ सेकंदांवर. आधीचा विक्रम २:२६.६ होता. सगळे त्याने ३१ लेंग्थने जिंकल्याचं कौतुक करतात, पण असा फरक मागच्यांच्या थकव्यावरही ठरतो. २:२४ कोणाच्या थकव्यावर ठरलेले नाहीत, आणि पन्नास वर्षं उलटली तरी ते मोडलेले नाहीत.

या तिन्ही शर्यतींत वजन १२६ पौंड, म्हणजे ५७ किलो. महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीत नर घोडे तेवढंच वजन घेऊन २४०० मीटर पळतात. तरी दोन्हींच्या वेळा शेजारी ठेवू नयेत: तिथे माती, इथे हिरवळ, तिथे तीन वर्षांचे घोडे, इथे चार वर्षांचे.

हरलेल्या पाच शर्यतीही वाचण्यासारख्या आहेत. ४ जुलै १९७२ ला पहिल्याच शर्यतीत सुटताना जोरात धक्का बसला, चौथा आला. शॅम्पेन स्टेक्स तो जिंकला होता, पण दुसऱ्याच्या वाटेत आल्याबद्दल पंचांनी त्याला दुसरा ठरवलं. डर्बीच्या आधीच्या वुड मेमोरियलमध्ये तिसरा, कारण वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला गळू होतं. लगामाची कडी तोंडात ओढली गेली की घोड्याला वेदना होते, तो डोकं वर टाकतो आणि जॉकीला त्याच्याकडून वेग मागता येत नाही. साराटोगाच्या मैदानावर ऑनियन या घोड्याकडून हरला तेव्हा तो आजारी होता. वुडवर्ड या शर्यतीत मुळात त्याच तबेल्याचा रिव्हा रिज पळणार होता. पावसाने चिखल झाला म्हणून ऐनवेळी सेक्रेटॅरियटला उतरवलं आणि प्रूव्ह आउट हा घोडा साडेचार लेंग्थने पुढे गेला. सेक्रेटॅरियट मोठा, खादाड घोडा होता, त्याला वेगवान सराव मिळाला नाही की अंगात जडपणा यायचा. दीड मैलाच्या तयारीशिवाय त्याला दीड मैल पळवणं हा तबेल्याचा निर्णय चुकीचा होता असं मला वाटतं. ऑनियन आणि प्रूव्ह आउट या दोघांचा ट्रेनर एकच, ॲलन जर्केन्स. त्याची तयारी पक्की होती.

सेक्रेटॅरियटच्या हृदयाबद्दल नेहमी एक आकडा सांगतात: २२ पौंड, म्हणजे दहा किलो. ऑक्टोबर १९८९ मध्ये लॅमिनायटिस या खुरांच्या आजारामुळे त्याला कायमचं झोपवावं लागलं, तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. थॉमस स्वरचेक यांनी ते हृदय तराजूवर तोललं नव्हतं. पुढे शॅमचं हृदय तोललं ते १८ पौंड भरलं, आणि त्यावरून त्यांनी सेक्रेटॅरियटचा अंदाज बांधला. साधारण थरोब्रेडचं, म्हणजे रेसच्या जातीच्या घोड्याचं, हृदय चार किलोच्या आसपास असतं. दुपटीहून मोठं, पण निरोगी, असं ते हृदय होतं. बेलमाँटचे शेवटचे चार फर्लांग त्याशिवाय समजत नाहीत.

डर्बीच्या आधीच त्याचे प्रजननाचे हक्क ३२ हिश्श्यांत विकले गेले होते, प्रत्येकी १,९०,००० डॉलरला, एकूण ६०.८ लाख. त्याच्यासारखा मुलगा झाला नाही म्हणून हा व्यवहार फसला असं म्हणतात, पण रायझन स्टार या त्याच्या मुलाने १९८८ ची बेलमाँट जिंकली. खरा वारसा मुलींकडून, म्हणजे त्यांच्या मुलांतून आला. टर्लिंग्वाचा स्टॉर्म कॅट, सीक्रेटेमचा गॉन वेस्ट, वीकएंड सरप्राइजचा ए. पी. इंडी. यांतला ए. पी. इंडी १९९२ ची बेलमाँट जिंकला. आजच्या अमेरिकन घोड्यांच्या वंशावळीत सेक्रेटॅरियट शोधायचा असेल तर बापांच्या रांगेत बघत बसू नका, आयांच्या बाजूला बघा.