ओ दिसतो, पण ओ नसतो

आज खानापुरात रक्तदान शिबिराला गेलो. रांगेत मराठी, कन्नड दोन्ही बोलणारे, आणि बी गट सगळ्यांत निघत होता. भारतात तो साधारण ३ जणांत एकाचा, पश्चिम युरोपात १० जणांत एकाचा. दक्षिण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत तर जवळपास सगळे ओ!

मला काळजी बॉम्बे गटाची. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो शोधला. त्यात एच प्रतिजनच (लाल पेशींवरची एक खूण, जी ओ रक्तातही असते) नसतं, म्हणून शरीर ओ रक्तालाही परकं मानतं. प्राथमिक तपासणीत रक्त ओ दिसतं, पण ओ चढवलं तर जिवावर बेततं. जवळच्या नात्यांत लग्नं होतात तिथे तो जास्त सापडतो, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्या भागात नवं नाही. घरात कुणाचं ओ रक्त कुठल्याच ओ पिशवीशी जुळेना, तर बॉम्बे गटाची तपासणी करायला सांगा. भावंडांचीही.