आमेन होईपर्यंत

परवा दुपारी जळगावात एका खानावळीत बसलो होतो. श्रावण चालू होता, म्हणजे कॅलेंडरवर चालू होता, आभाळाकडे बघून कोणी म्हटलं नसतं. समोरच्या टेबलावर एका भाऊंची शेवभाजी आली, वर तर्रीचा लालभडक थर, बाजूला कांदा लिंबू, आणि ताट ठेवल्याबरोबर भाऊंनी डोळे मिटले. खिशाला पेन, पायात धुळीने माखलेली चप्पल, ओठ हळूहळू हलताहेत. वेटर पोरगा भाकरी घेऊन आला तो तिथेच थबकला आणि मला विचारतो, काका यांना चक्कर आली का काय? म्हटलं नाही रे, प्रार्थना करताहेत, थांब जरा. तोवर आमेन झालंच, आणि भाऊंनी पहिला घास असा काही मोडला की चक्करबिक्कर काही नाही हे पोराला आपोआप पटलं.

आता मी पण त्यातलाच, म्हणजे ख्रिस्ती, पण हॉटेलात माझं वेगळं असतं. मी डोळे उघडे ठेवून मनातल्या मनात उरकतो, हातात मोबाईल, बघणाऱ्याला वाटावं मेसेज वाचतोय. बायकोला हे अजिबात पटत नाही. पण माझ्याकडे पुरावा आहे. पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन पाच हजार पुरुषांची पंगत बसवली तेव्हा येशूने वर आकाशाकडे पाहून आशीर्वाद मागितला असं मार्कने त्याच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय. पाहून! मेलेल्या लाजराला उठवलं तेव्हा त्याच्या कबरेपाशी पण त्याने दृष्टी वरच केली होती. हा मुद्दा मी एकदा आमच्या पाळकसाहेबांपुढे टाकला तर ते शांतपणे म्हणाले, आणि येशूच्या दृष्टांतातला, मंदिरात प्रार्थनेला गेलेला तो जकातदार? त्याची तर वर बघायची पण हिंमत झाली नाही, तो छाती बडवत होता. यावर काय बोलणार, आणि तसंही पाळकांशी वाद घालू नये, त्यांच्याकडे अध्याय आणि वचनं तयार असतात.

डोळे मिटायचं खरं ट्रेनिंग मात्र मोठी मायकडे, म्हणजे आजीकडे झालं. अमळनेरकडचं आमचं खेडं, हिवाळ्याचे दिवस, अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजलेली, त्यांचा तो धुरकट वास, भरतात कांद्याची पात आणि शेंगदाणे, आणि कढईतून निघणाऱ्या टम्म पुऱ्या. हे सगळं समोर मांडायचं आणि मग ती प्रार्थना सुरू करायची. देवाशी तिची भाषा एकदम पुस्तकी, हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो वगैरे, आणि आमच्याशी अहिराणी, पण दोन्ही एकाच दमात चालायचं, "आणि हे दयाळू प्रभू, तू आम्हास दिलेल्या या, डोया झाक रे पोऱ्या, देवबाप देखी ऱ्हायना, या अन्नावर तुझा आशीर्वाद असू दे." आणि अन्नावर आशीर्वाद मागून झाला म्हणजे संपलं असं नाही, ती तर सुरुवात. मग भुसावळला रेल्वेत असलेले पप्पा, त्यांची नाईट ड्युटी, सुरतेकडच्या आत्या, गल्लीतली बाळंतीण, कोणाची तरी आटलेली म्हैस. पुरीची हवा गेलेली असायची. विश्वास या विषयावर मी पुढे चिक्कार प्रवचनं ऐकली, पण शेजारी धाकटा भाऊ बसलेला असताना स्वतःच्या ताटातल्या पुरीवरची नजर काढून डोळे मिटणं, याच्या तोडीचं उदाहरण कोणी दिलेलं आठवत नाही.

या यादीत शेवटून दुसरा नंबर बांधाशेजारच्या काकांचा. त्यांच्याशी आमचं बांधावरून भांडण, बोलणं बंद, तरी रोज त्यांचं नाव घेऊन "त्याला सुबुद्धी दे". ही प्रार्थना होती की वरच्या कोर्टात तक्रार, मला कधी कळलं नाही. पण आमेन झाल्यावर पहिली वाटी भरायची ती त्यांचीच, आणि माझ्या हातात देऊन सांगायची, काही बोलू नको, ओट्यावर ठेव नि ये. वाटी दुसऱ्या दिवशी घासून परत यायची. ते पण काही बोलायचे नाहीत.

आमच्याकडे लग्नात बायबलातल्या, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचतात, वाचतातच, प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे, आणि नवरानवरी स्टेजवर घामाघूम होऊन ऐकत असतात. सुंदरच आहे तो. पण दोन पानं मागे जाऊन अकरावा वाचला की मजा येते. तिथे पौल त्याच मंडळीला झाडतोय, का तर एकत्र जेवायला जमल्यावर जो तो आपलं आपलं आधीच खाऊन घेतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र. साधारण 55 सालचं पत्र. म्हणजे हा प्रीतीचा अध्याय लिहिला तो पंगतीत भांडणाऱ्या लोकांसाठी, आणि हे कळल्यापासून मला आमच्या नाताळच्या प्रीतिभोजनाचं फार वाईट वाटेनासं झालंय. चर्चच्या कंपाउंडमध्ये मंडप, मोठमोठी पातेली, आणि कमिटीच्या निवडणुकीत ज्यांचं वाजलं ते दोन गट बरोब्बर दोन वेगळ्या पंगतींत. वाढपी कोणत्या गटाचा यावर मटणाचे पीस ठरतात असं आमच्या मातोश्रींचं ठाम मत आहे.

तर विश्वास, आशा, प्रीती, आणि त्यांत प्रीती श्रेष्ठ, ठीक आहे, पौलाने निकाल लावलाय. पण मला आपलं मधलीचं वाईट वाटतं. विश्वासावर कन्व्हेन्शन भरतात, प्रीतीवर लग्नं लागतात, आशेवर कोण बोलतं? आणि आमचा भाग तर सगळा तिच्यावरच चालतो. कापूस पेरायचा, पाऊस दडी मारतो, मग दुबार पेरणी, परत बियाण्याच्या दुकानात उधारी, आणि ऑगस्ट उलटला की पारावर सगळ्यांच्या तोंडी एकच, औंदा आशा होती. मोठी मायच्या यादीत पाऊस अगदी शेवटी यायचा, कापसाच्या वर्षात पण आणि नापिकीच्या वर्षात पण. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, ती बाहेरून आलेली तांबडी ज्वारी, तिची भाकरी नीट थापली पण जायची नाही, तव्यावर टाकेपर्यंत कडा फाटायच्या. पप्पा सांगतात, आजोबा एकदा चिडून म्हणाले की या असल्या भाकरीवर कसले आभार मानते. तिने उत्तर दिलं नाही. डोळे मिटले आणि नेहमीएवढीच लांब प्रार्थना केली, सगळी नावं घेऊन, पावसापर्यंत.

"आशा होती" हे वाक्य बायबलात पण आहे. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन जण यरुशलेमहून अम्माऊस नावाच्या गावाला चाललेत, अंतर म्हणाल तर साधारण जळगावहून नशिराबाद, आणि वाटेत भेटलेल्या माणसाला सांगताहेत की हाच इस्राएलाची मुक्ती करील अशी आमची आशा होती. होती. तोच त्यांच्याबरोबर चालतोय आणि यांना पत्ता नाही. संध्याकाळ झाली, त्यांनी त्याला आग्रहाने घरी थांबवलं, जेवायला बसले, त्याने भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली, आणि तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडले. आणि तो दिसेनासा झाला. ते दोघं त्याच घटकेला उठून परत यरुशलेमला गेले, एवढ्या रात्री, एवढं अंतर.

लूकने हे सगळं छान लिहिलंय पण जेवणाचं काय झालं ते लिहिलं नाही. दोघं बहुतेक उपाशीच निघाले. मोठी माय असती तर तिने पाळकसाहेबांना आधी हेच विचारलं असतं, मंग ती भाकर कोनी खादी?