सनमायकाच्या जुन्या कपाटांना रंग देताना

आमच्या स्वयंपाकघरातली कपाटं लालसर तपकिरी सनमायकाची होती. वर लाकडाच्या खोट्या रेषा आणि कडांना काळपट पट्टी. खोकी भक्कम होती, खण सरळ होते, दारंही नीट लागत होती. फक्त बघवत नव्हती. सगळं उखडून नवीन करायला पैसे नव्हते, आणि असते तरी धडधाकट प्लाय भंगारात टाकायला माझा जीव धजावला नसता. म्हणून दारं आणि बाहेरून दिसणाऱ्या चौकटी तेवढ्या रंगवायच्या, खोक्यांच्या आतल्या बाजूंना हात लावायचा नाही, असं ठरवलं. एवढ्याने रंग आणि मेहनत बरीच वाचते, आणि दार उघडून आत डोकावणारे आपणच असतो.

रंग आणायच्या आधी प्रत्येक दार हाताने चाचपून पाहिलं. सिंकखालचं दार तळाशी फुगलं होतं. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, एकदा पाणी प्याली की पुन्हा मूळच्या जाडीवर येत नाही. घासून सपाट केलं तरी तो भाग भुसभुशीतच राहतो आणि वरचा रंग तडकतो. ते एक दार नवीन करून घेतलं. कोपऱ्यांत सनमायका सुटला होता तिथे चिकटद्रव्य लावून, वजन ठेवून रात्रभर दाबून ठेवला. सुटलेल्या सनमायकावर रंग मारणं म्हणजे रंगासकट तो निघायची वाट बघणं.

मग सोडवासोडव. प्रत्येक दाराच्या बिजागरीच्या खड्ड्यात पेनने क्रमांक लिहिला आणि त्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावला. तो खड्डा रंगवायचा नसतो, त्यामुळे क्रमांक शेवटपर्यंत शाबूत राहतो. तोच क्रमांक खोक्याच्या आत आणि स्क्रूच्या पिशवीवर. सारखी दिसणारी दारंसुद्धा एकमेकांच्या जागी नीट बसत नाहीत, कारण वर्षानुवर्षांत प्रत्येक बिजागरी आपापल्या परीने सरकलेली असते.

रंगकाम म्हणतात खरं, पण यातला रंगाचा भाग सगळ्यात छोटा. माझा निम्म्याहून जास्त वेळ धुण्यात गेला. शेगडीच्या वरच्या आणि बाजूच्या दारांवर तेल आणि धुराचा पिवळट थर बसतो. नजरेला तो दिसत नाही, नखाने खरवडला की कळतो. भांड्यांच्या साबणाचा एक हात दिल्यावर दारं चकचकली आणि घरचे म्हणाले, "झालं की, आता रंग मार!" मी पांढरं फडकं घेऊन कडांवर फिरवलं, ते पिवळं झालं. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा, हातात रबरी मोजे, आणि हँडलभोवती, खाचांमध्ये जुना टूथब्रश. शेवटी साध्या पाण्याने दोनदा पुसायचं, कारण सोड्याचा अंश राहिला तरी प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, नीट धरत नाही. पांढरं फडकं पांढरंच राहीपर्यंत मी पुढे गेले नाही. आधी घासून मग धुवायचा शॉर्टकट करू नये. पॉलिश पेपर तेलकटपणा काढत नाही, ओरखड्यांत आणखी खोल दाबतो.

घासायचं ते चकाकी घालवण्यापुरतं. सनमायका पातळ असतो, तो उगाळून संपवायचा नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सगळीकडे एकसारखी मॅट झाक येईपर्यंत घासलं, मग १८०ने हलका हात. तोंडाला धूळ अडवणारा मास्क हवाच. आमच्या दारांवर आधीचा रंग नव्हता म्हणून निर्धास्त होते. तुमच्या कपाटांवर खूप जुन्या काळातला रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय तो कोरडा घासू नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. घासून झाल्यावर धूळ आधी ब्रशने झाडली, मग किंचित ओल्या फडक्याने टिपली.

काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, याबद्दल माझं मत पक्कं आहे. रंगात करा, प्रायमरमध्ये नाही. भिंतीचा किंवा लाकडाचा साधा प्रायमर सनमायकावर वाळतो, पण चिकटत नाही. गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहणारा बाँडिंग प्रायमर लागतो, आणि तो महाग असतो. त्याची खात्री करायला एका दाराच्या मागच्या बाजूला थोडा लावला, पुरता वाळू दिला, ब्लेडने आडव्या-उभ्या बारीक चिरा पाडल्या, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली. पट्टीला काही लागलं नाही, तेव्हाच बाकीच्या दारांना हात घातला. खऱ्या लाकडाच्या दारांचं दुखणं वेगळं. त्यातला तपकिरी रस पांढऱ्या रंगातून डागांसारखा वर येतो, तिथे शेलॅकचा, म्हणजे लाखेपासून केलेला प्रायमर चालतो. तो स्पिरिटमधला असतो, म्हणून शेगडी बंद आणि खिडक्या सताड उघड्या.

रंगाचा हिशेब सोपा आहे. पाण्यातल्या इनॅमलचा एक लिटर एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतो. दारांची एका बाजूची मापं मिळून ५ चौरस मीटर भरली, तर दोन्ही बाजू आणि दोन हात धरून २० चौरस मीटर होतात. म्हणजे दोन लिटरच्या आसपास, आणि चौकटींसाठी थोडा जास्त. तेलातला रंग कडक होतो हे खरं, पण पांढरट छटा काळाने पिवळी पडते आणि वास दिवसेंदिवस जात नाही. म्हणून मी पाण्यातला घेतला, अर्धचकाकीचा. मॅटवर बोटांचे डाग बसतात, पूर्ण चकाकीत दाराचा प्रत्येक खड्डा बोलतो. छटेचं म्हणाल, तर कुणाच्या तरी ऑर्डरमधून परत आलेला फिकट राखाडी डबा सवलतीत मिळाला. झाली निवड.

दारं आडवी ठेवूनच रंगवायची. उभी ठेवली की ओघळ येतात. टेबलावर बाटल्यांची झाकणं मांडून त्यांवर दार ठेवलं. आधी मागची बाजू, मग पुढची, म्हणजे उलटताना चरा पडलाच तर तो मागे. खाचा ब्रशने आणि लगेच सपाट भाग फोमच्या छोट्या रोलरने. हात पातळ हवा. पहिला हात दिल्यावर दार भयंकर दिसतं, पट्टे पट्टे, खालचा प्रायमर डोकावतोय. तिथे धीर सुटून जाड थर दिला की काम बिघडतं. दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळायचा, २२०च्या कागदाने हलकेच घासायचं आणि पुसायचं.

हँडल नवीन हवीच होती. जुन्याच्या दोन भोकांतलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं, ९६ मिलिमीटर निघालं. त्याच मापाची घेतल्यामुळे भोकं बुजवणं, नवीन पाडणं वाचलं. बिजागऱ्या साबणाच्या गरम पाण्यात भिजवून, पुसून, कोरड्या करून पुन्हा त्याच लावल्या.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. पाण्यातलं इनॅमल पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागू शकतात. तोवर दार चौकटीला टेकलं की रंगाला रंग चिकटतो, म्हणून कोपऱ्यांत रबराच्या बारीक टिकल्या लावल्या आणि पुसायला फक्त ओलं फडकं, साबण नाही. उरलेला रंग झाकणाच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवला. कचऱ्याच्या डब्याच्या दाराला पाय लागून एक टवका उडालाच, तो काडीच्या टोकाने भरून टाकला.