उजवा हात

परवा दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजली. दार उघडलं तर कुरिअरवाला पोरगा. त्याने पाकीट पुढे केलं, मग मागे घेतलं, मग दोन पायऱ्या खाली उतरला. "काकू, वॉचमनकडे ठेवतो," म्हणाला आणि लिफ्ट समोर उभी असताना जिन्याने धावत गेला. मी म्हटलं, काय ही आजकालची पोरं, सही तरी घ्यायची. दार लावताना कडीकडे हात गेला तेव्हा दिसलं, मनगटाला सुधाकर होता.

त्या पोराबद्दल वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर त्यानंतरची पूर्ण दुपार मी वेगळ्याच गोष्टीवर अडकून बसले होते. हातात साप आहे, हे मी विसरले होते. मी!

सुधाकर म्हणजे बॉल पायथन, लेकीचा. साडेतीन फूट लांब, वजन अकराशे ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवून केलेलं. (पातेलं वेगळं आहे.) हे नाव का ठेवलं ते सुधाकरकाका हा लेख वाचण्याची शक्यता असल्याने सांगत नाही. मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, म्हणजे त्याची जात तिकडची. आपल्याकडचा कुठलाच साप घरात ठेवता येत नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अगदी गरीब धामण किंवा मांडूळसुद्धा नाही. परदेशी प्राण्याची मात्र 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करून घ्यायची असते. लेकीने ती केली, प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि जूनमध्ये नोकरीच्या ट्रेनिंगला हैदराबादला निघून गेली. कागद फ्रीजच्या दारावर आणि साप माझ्यावर.

फ्रीजवरून आठवलं. आमच्या घरात अंडंसुद्धा आणत नाहीत. त्या घराच्या फ्रीझरमध्ये श्रीखंडाच्या डब्यात गोठवलेले उंदीर आहेत. डब्यावर लेकीने मोठ्या अक्षरात 'सुधाकर' लिहून ठेवलंय, तरी ह्यांनी आषाढी एकादशीच्या रात्री बारा वाजून गेल्यावर तो उघडलाच. असो.

खायला घालणं त्या मानाने सोपं. चिमट्याने धरायचं, पुढे करायचं, बाजूला व्हायचं. पंधरवड्यातून एकदा. आपण पंधरवड्यातून एक दिवस उपास करतो, तो एक दिवस जेवतो. जेवणानंतर निदान ४८ तास त्याला हात लावायचा नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकतो. पुण्यात वामकुक्षीचा एवढा आदर करणारा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. अडचण पेटी साफ करण्याची. पेटी साफ करायची तर आतल्या इसमाला बाहेर काढावं लागतं.

तर भीती. माझ्यात ती सापाने घातली नाही, मराठीने घातली.

आजी भोरकडची. दिवेलागणीनंतर तिच्या घरात 'साप' म्हणायचं नाही. लांबडं म्हणायचं, नाहीतर नुसतं जनावर. आणि साप चावला असंही म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पाच-सहा वर्षांची असेन. एका रात्री मोठी माणसं ओसरीवर हळू आवाजात बोलत होती, की वरच्या आळीतल्या अमक्याला पान लागलं, पहाटेपर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "चला गं, पानं घेतलीत!" मी माडीवरून खाली येईना. समोर केळीची हिरवीगार पानं मांडलेली आणि बाबा, काका, सगळे त्यांच्यासमोर मांडी घालून निवांत बसलेले. मी भोकाड पसरलं. कुणाला काही कळेना. शेवटी आईने मला ताटलीत भात कालवून दिला आणि 'हिचे फार लाड होतात' हे वाक्य माझ्या नावावर कायमचं जमा झालं. अंगणातल्या पिंपळाखालून मी पुढे कितीतरी दिवस पळत जायची. एवढी पानं, आणि सगळी सुटी!

पुढे १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. पुण्यात तेव्हा दुसरा विषय नव्हता. बाबांनी सकाळी चहा पिता पिता बातमी मोठ्याने वाचून दाखवली. मी तिसरीत. आजी तेव्हा आमच्याकडे आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं, गवारीच्या शेंगा मोडत राहिली आणि म्हणाली, "त्याच्या आईला कुणी विचारलं का?"

त्याच खैऱ्यांनी पुढे कात्रजला सर्पोद्यान उभं केलं. तिकडे शाळेची सहल गेली तेव्हा एका दादाने मुलींना सापाला हात लावू दिला होता. रांग होती. मी रांगेत होते, पण दरवेळी कुणालातरी पुढे जाऊ देत होते. शेवटी रांगच संपली. घरी येऊन सांगितलं, लावला. कसा असतो? म्हणे, थंड आणि बुळबुळीत. हे खोटं मी जवळजवळ चाळीस वर्षं सांगत होते.

बुळबुळीत मुळीच नसतो. कोरडा असतो. बाहेरून जुन्या रेशमी काठासारखा आणि आतून... पोळी लाटताना लाटणं तळहाताखालून सरकतं ना, तसं आतून काहीतरी सरकत राहतं. पण हे कळायला ऑगस्ट उजाडला.

जूनभर मी पेटीसमोर खुर्ची टाकून भाजी निवडली. एवढंच. लेक म्हणाली होती, त्याला तुझी सवय होऊ दे. मला वाटतं तिने ते माझ्यासाठीच सांगितलं होतं. मग फूटपट्टीने स्पर्श. मग एक बोट. हात वरून न्यायचा नाही, कडेने न्यायचा. वरून येते ती घार, हे त्याच्या रक्तात आहे. डोक्याकडे जायचं नाही, मध्यावर धरायचं. डोळे दुधी निळसर झाले की कात टाकायला आलाय, त्याला धड दिसत नाही, तेव्हा नादाला लागायचं नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. डोक्यात कुठलीही शंका नव्हती. पण हात पेटीच्या काठापर्यंत जायचा आणि थांबायचा. भाकरीचा तवा नुसत्या फडक्याने उचलणारा, कुकरची वाफ गेली की नाही ते शिट्टी उचकून बघणारा माझा उजवा हात, तो माझं ऐकेना.

लेकीने एकदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं. "आई, चिमटीत काय धरतेस? मीठ आहे का तो? पसा कर."

पसा! दोन्ही हातांचा पसा करून खालून घातला आणि सुधाकर उचलला गेला. जणू तांदूळच घेतले. त्याने लगेच गोळा केला स्वतःचा, डोकं मधोमध लपवलं. त्याचं इंग्रजी नाव त्यावरूनच पडलंय म्हणे. मी श्वास रोखून उभी, तो श्वास रोखून गोळा. दोन-तीन मिनिटांनी मधून जीभ बाहेर आली, हवा चाखली आणि तो हळूहळू उलगडत माझ्या ड्रेसच्या बाहीत शिरला. आपल्याकडे अस्तनीत निखारा असतो, साप असतो तो हिंदीत. त्या क्षणी मला निखारा चालला असता.

एकदा चावलाही. चूक माझी. उंदराची पिशवी कोमट पाण्यातून काढली आणि हात न धुता तसाच पेटीत घातला. तो वासाला भुलला. सुई टोचल्यासारखं झालं, तळव्यावर रक्ताच्या थेंबांची अर्धगोल रांग, आणि मी किंचाळेपर्यंत तो सोडून परत कोपऱ्यात गोळा. विष नाहीच त्याला. साबणाने धुतलं, डेटॉल लावलं, लेकीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "त्याच्या तोंडाला लागलं नाही ना?"

कामाच्या मावशी वेल्ह्याच्या. पहिले दोन महिने त्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच केरसुणी फिरवायच्या. भाताच्या खाचरात घोणस बघितलेलं माणूस, त्यांना मी काय सांगणार? पण आता उंबऱ्यावरून विचारतात, "काकू, ते जेवलं का?" 'ते'च म्हणतात. नाव घेत नाहीत. मला बरं वाटतं.

नागपंचमीला मी नेहमीप्रमाणे पाटावर गंधाचा नाग काढला, लाह्या वाहिल्या, पुरणाची दिंडं उकडली. दिवसभर विळी-सुरी बंद. लेक फोनवर म्हणाली, "अगं, घरात खरा आहे ना!" मी म्हटलं, तो आफ्रिकेतला, त्याला काय कळतंय. तरी लाह्यांची वाटी पेटीच्या बाजूने नेताना थोडी सावकाश नेली. दूध नाही ठेवलं. दूध साप पीत नाहीत, हे एव्हाना मला कळलंय.

तर परवा दुपारी मी हेच आठवत बसले होते, की भीती गेली कधी? पहिल्यांदा उचलला तेव्हा होती. चावला तेव्हा तर होतीच. गणपतीत पाहुणे आले तेव्हा 'बघा, मी कसा धरते' म्हणून दाखवलं, तेव्हा आतून होतीच. दिवाळीत पेटी धुतली तेव्हा... दिवाळीचं आठवत नाही. चकल्या बिघडल्या होत्या, ते आठवतं. मधेच कधीतरी, मी दुसऱ्याच कशाच्या तरी विचारात असताना, हाताने परस्पर उरकून टाकलं असणार.

लेकीला हैदराबादलाच नोकरी लागतेय. पीजीत साप चालत नाही. ती म्हणाली, "नीट ठेवला तर पंचवीस-तीस वर्षं जगतात गं, आई." वर एक गोष्टही सांगितली. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात एका बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली. तेव्हा तिचं वय ६२ च्या आसपास, आणि पंधरा-वीस वर्षांत नर जवळपास फिरकलेला नव्हता. आम्ही दोघी खूप हसलो.

फोन ठेवल्यावर हिशेब केला. सुधाकर चार वर्षांचा, मी त्रेपन्न. आजीचे हात शेवटी फार थरथरायचे, चहा बशीत सांडायचा. त्याला हात थरथरलेले कळतात. एवढ्यात त्याने माझ्या बांगडीतून डोकं घालून पलीकडून काढलं होतं आणि तिथेच थांबला होता, ऊब घेत. मग पाकीट आणायला खाली जायचं राहिलंच.