नाव झाकलेला लेख

न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी इंग्रजी शिकवते आणि मुलांच्या नियतकालिकाचं काम बघते. वर्षाला दोन अंक निघतात. लेख निवडायची आमची पद्धत ठरलेली आहे. नावावर कागदाची पट्टी चिकटवायची, संपादक मंडळातल्या कुणीतरी लेख मोठ्याने वाचायचा आणि मग चर्चा करायची. मंडळात सगळी मुलंच असतात. मी टेबलाच्या टोकाला बसते आणि शक्यतो मध्ये बोलत नाही.

२०२४ च्या उन्हाळ्याआधीच्या अंकाची ती बैठक होती. आदल्या ऑक्टोबरपासून शाळेतलं वातावरण बिघडलेलं होतं. स्वच्छतागृहाच्या दारावर नाझींचं चिन्ह कोरलेलं सापडलं. (आपल्या उंबरठ्यावरचं स्वस्तिक वेगळं, हे मी एरवी आवर्जून सांगते. पण धास्तावलेल्या मुलांपुढे त्या आठवड्यात तो विषय काढणं मला बरोबर वाटलं नाही.) हजारो मैलांवर गाझात चाललेल्या युद्धाचा जाब पंधरा वर्षांच्या ज्यू पोरांना जेवणाच्या सुट्टीत विचारला जात होता. हिजाब घालणाऱ्या आमच्या मुलींनाही वाईटसाईट ऐकावं लागत होतं, आणि त्यांचं लिखाणही याच अंकासाठी आलं होतं. ज्यूद्वेषावर नजर ठेवणाऱ्या अँटी-डिफमेशन लीग या अमेरिकन संस्थेने २०२३ साली देशभरात ज्यूद्वेषाच्या ८,८७३ घटना नोंदवल्या. तोवरच्या कुठल्याही वर्षातला हा सगळ्यांत मोठा आकडा होता. आमच्या राज्यात होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकवणं १९९४ पासून सक्तीचं आहे. पण त्यातून ज्यू कसे मारले गेले एवढंच मुलांना कळतं. शेजारच्या बाकावरचा ज्यू मुलगा घरी कसा जगतो, हे त्यांच्या कानावरच येत नाही.

त्या बैठकीत पहिला वाचला गेला तो नाण्याचा लेख. तो कुणाचा आहे हे मला माहीत होतं, कारण त्याच्या कच्च्या मसुद्यावर त्या मुलाबरोबर मीच बसले होते. पहिला मसुदा म्हणजे भलामोठा वकिली युक्तिवाद होता. ज्यूंच्या हाती सगळा पैसा आहे हे कसं खोटं, मध्ययुगात त्यांना जमीन धरायला बंदी कशी होती, सावकारीकडे त्यांना कसं ढकललं गेलं, सगळं मुद्देसूद आणि सगळं खरं. वाचून मी त्याला विचारलं, "हे तू कुणाला उत्तर देतोयस?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ज्यांनी नाणं टाकलं त्यांना."

कॅन्टीनमध्ये दोघा-तिघांनी त्याच्या पायाशी एक सेंटचं नाणं टाकलं होतं. ज्यू आहे, म्हणजे वाकून उचलणारच, असा तो खेळ. इथल्या शाळांत हा जुना छळ आहे. मी म्हटलं, ज्यांनी टाकलं ते तुझा लेख वाचायचे नाहीत. जे शेजारी बसून बघत होते ते वाचतील. त्यांच्यासाठी लिही.

दुसऱ्या मसुद्यात युक्तिवाद गेला आणि नाणं आलं. ते फरशीवर कडेने गडगडत गेलं, लिंकनचा चेहरा वर येऊन थांबलं. त्याने त्यावर बूट ठेवला आणि घंटा होईपर्यंत पाय हलवला नाही. सँडविच अर्धं राहिलं, कारण पायाकडे लक्ष होतं. समोर बसलेल्या मित्राने फोनमध्ये डोकं घातलं. मंडळाने हा लेख एकमताने घेतला. वाचणाऱ्या मुलीचा आवाज शेवटी बसला होता.

मग दुसरा लेख निघाला, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला मी सावरून बसले. इंग्रजी मजकुरात "आजी" हा शब्द होता. पुढे "मलिदा".

लिहिणारीच्या धाकट्या भावाची शस्त्रक्रिया नीट पार पडली म्हणून आजीने नवस फेडायला घरी मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, त्यात साखर, खोबरं, वेलची. ताटात मध्ये त्याची रास, भोवती पाच फळं, वर गुलाब. एलियाहू हन्नावीचं, म्हणजे ज्यूंच्या प्रेषित एलियाचं, नाव घेत सगळ्यांनी गायलं. आजीचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या वारी, तो बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे, हेही तिने लिहिलं होतं. मी ठाण्यात वाढले. टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगवरून, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावरून, रोज शाळेत जायचे. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, कोण हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण नाव झाकलेलं होतं, नियम मीच घातलेला होता. मी तोंड उघडलं नाही.

लेखाच्या मध्यावर चार वाक्यं होती, ती मला अजून पाठ आहेत. "सिनेगॉगमध्ये मला विचारतात, तुझ्या आईबाबांपैकी धर्म कुणी बदलला? ओक ट्री रोडवरचा भारतीय दुकानदार फळं तोलताना विचारतो, कुठली पूजा आहे? शाळेत मला कुणी काहीच विचारत नाही. माझ्यासमोर ज्यूंवरचे विनोद बिनधास्त सांगतात, कारण मी ज्यू असेन असं त्यांच्या मनातही येत नाही."

चर्चा तापली ती इथेच. अंकातली काही पानं आम्ही द्वेषाविरुद्धच्या लिखाणासाठी राखून ठेवली होती. एक मुलगी म्हणाली, लेख सुंदर आहे, पण द्वेषाबद्दल फक्त एक वाक्य आहे. विनोदांचं ते वाक्य वाढवायला सांगू, स्वयंपाकघर कमी करू. दोघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात इजिप्तहून आलेल्या घरातला एक मुलगा बोलला. तो फार बोलत नाही. म्हणाला, "मी रमजानवर लिहिलं तरी शेवटी 'आम्ही वाईट माणसं नाही' असं लिहावंच लागतं. न लिहिलं तर लोकांना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. हिने ते लिहिलेलं नाही. म्हणून मला हा आवडला."

तिथे मात्र मला राहवलं नाही. मी मुलांना 'वेदेम'ची गोष्ट सांगितली. प्रागजवळच्या तेरेझीन छावणीत नाझींनी ज्यू मुलांना कोंडलं होतं. तिथल्या एका खोलीतली मुलं १९४२ ते १९४४ दर आठवड्याला हस्तलिखित अंक काढत. शुक्रवारी संध्याकाळी खोलीत बसून तो वाचून दाखवत. संपादक पेत्र गिन्झ सुरुवातीला चौदा वर्षांचा होता. काय होतं त्या अंकांत? कविता, कोडी, चेष्टामस्करी, आठवड्याचं वाक्य. पेत्र स्वतः छावणीत हिंडून वार्ताहरासारखं लिहायचा, बेकरीवर, अग्निशामक दलावर, प्रेतं जाळायच्या जागेवरसुद्धा. नाझींचं म्हणणं खोडून काढायला या मुलांनी पानं खर्च केली नाहीत. ती स्वतःबद्दल लिहीत राहिली. १९४४ साली ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पेत्रला मारलं, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. त्यातली बहुतेक मुलं गेली. मागे उरलेल्या एकाने अंकांची सुमारे ८०० पानं जमिनीत पुरून वाचवली.

पेत्रने चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं एक चित्र काढलं होतं. त्याची प्रत इस्रायलचा अंतराळवीर इलान रामोन कोलंबिया यानातून घेऊन गेला. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. १ फेब्रुवारी २००३ ला यान परतताना कोसळलं. पेत्र असता तर त्या दिवशी पंचाहत्तर वर्षांचा झाला असता. ती बातमी वाचून प्रागमधल्या एकाच्या लक्षात आलं की आपल्या घरात सापडलेल्या जुन्या वह्या याच मुलाच्या आहेत. त्याची रोजनिशी अशी बाहेर आली.

मुलांनी ऐकून घेतलं. मग मतदान झालं आणि लेख एका शब्दाचीही काटछाट न होता निवडला गेला. राखीव पानांतच.

पट्टी काढली तेव्हा कळलं की लिहिणारी माझ्या तिसऱ्या तासाच्या वर्गातली, मागच्या रांगेत बसणारी मुलगी. आडनाव 'कर' मध्ये संपणारं. ते मी वर्षभर हजेरीत पुकारत होते आणि ती मराठी हिंदू घरातली असावी असं धरून चालले होते. इथे कोकणातली आडनावं भरपूर आहेत. तिला बोलावून मी विचारलं, नाव छापायचं की नाही? इथे हा प्रश्न विचारावाच लागतो. त्या वर्षी काही ज्यू मुलांनी गळ्यातली ज्यूंच्या ताऱ्याची साखळी शर्टाच्या आत घालायला सुरुवात केली होती. ती म्हणाली, घरी विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी आली. आजी म्हणाली होती, पूर्ण नाव छापा, आजोबांच्या नावासकट.

अंक निघाला. नाण्याच्या लेखातला, फोनमध्ये डोकं घालणारा तो मित्र लेखकाला जाऊन भेटला. काय बोलले ते मी विचारलं नाही. विनोद सांगणाऱ्यांपैकी कुणी बदललं का, तेही मला सांगता येणार नाही. मलिद्याचा लेख मात्र वर्गात खूप फिरला, आणि मुलांनी त्या मुलीला विचारलं ते पोह्यांबद्दल, आजीबद्दल, तेलाच्या घाण्याबद्दल.

काही दिवसांनी शाळेत माझ्यासाठी फोन आला. पलीकडून स्वच्छ मराठी. "बाई, पोरीने बरं लिहिलंय. पण मलिद्याला सुकं खोबरं लिहिलं तिने. ओला नारळ लागतो. लोक वाचून तसंच करतील ना!" आजी मूळच्या अलिबागच्या, इस्रायल आळीतल्या. मी म्हटलं, आजी, दुरुस्ती छापतेच, पण बाकीचं तुम्हीच लिहून पाठवा. त्यांनी रेघांच्या वहीत मराठीत लिहून पाठवलं. सध्या नात त्याचं इंग्रजी करते आहे. पुढच्या अंकात दोघींची नावं असतील.